अजून थोडी धार

५ मार्च, गुरुवार

आज कप्तानाने माझ्या यंत्राला पुन्हा डबा म्हटलं. "पदवीधर, डबा भरा आणि निघा." सगळे हसले, मी हसले नाही. ही वही मी रागातच उघडली आहे, हे आधीच लिहून ठेवते.

कप्तान म्हणजे आमचा ड्रमर. बँड त्याचा, गाडी त्याची, शेवटचा शब्दही त्याचाच. त्याच्या जुन्या गिटारवाल्याचं मनगट मोडलं, म्हणून मला बोलावलं. हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये मार्चचे चार शनिवार वाजवायचं, मग तो ठरवणार की मी कायम राहायचं की जुन्याने परत यायचं. चार शनिवारांत माणूस कळतो म्हणे. मला चार वर्षं घेऊन विद्यापीठाने एक कागद दिला, त्यातही मी कुणाला कळले असेन असं वाटत नाही.

जुन्या गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर दोन माणसं उचलायची. माझं यंत्र जाड वहीएवढं आहे. त्यात पन्नासेक ॲम्प्लिफायरांच्या आवाजांच्या नकला आहेत. प्रत्येक गाण्याचा आवाज घरी बसून बनवायचा, साठवायचा आणि कार्यक्रमात पायाने बटण दाबून काढायचा. यंत्राची वायर थेट हॉलच्या साउंडला जोडायची. कप्तान म्हणतो, ही नक्कल. मी म्हटलं, तुमचा ॲम्प्लिफायर काय झाडाला लागला होता?

घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घरातली पहिली पदवी, आणि ती डब्यावर पाय ठेवून उभी." म्हणजे तीही डबाच म्हणते.

बाबा नाही म्हणत. यंत्र त्यांनीच घेऊन दिलं.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी दहा ते एक बाबांबरोबर आवाज बनवले. बाबा सव्वीस वर्षं पत्रे कापायच्या कारखान्यात होते. मशीन कुरकुरायला लागलं की आधी यांना बोलवायचे. हे जाऊन मशीनजवळ उभे राहायचे आणि सांगायचे, पातं बोथट झालंय, किंवा अमुक बेअरिंग जाणार. इंजिनिअरसुद्धा वाट बघायचे. तिथे त्यांना कानसेन म्हणत. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला. तेव्हापासून ते खिडकीत बसून असतात. त्यांना माझ्यापाशी काम आहे याचं मला बरं वाटतं.

मी वाजवते, ते स्टुलावर बसतात, हात स्पीकरवर ठेवतात, जसा माणसं गाईच्या पाठीवर ठेवतात तसा, मायेने. मग सांगतात, "जाड झालाय. धार नाही. अजून थोडी धार आण." मी ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवते. वरचे कर्कश सूर गाळणारी एक चाळणी असते, ती त्यांच्या सांगण्यावरून काढूनच टाकली. मला स्वतःला शेवटी शेवटी थोडं टोचत होतं. पण मी किती वर्षं ऐकतेय आणि ते किती. त्यांच्या कानांपुढे माझे कान म्हणजे शेंडेफळच.

मध्ये त्यांच्या खिशातला फोन वाजत होता, वाजून वाजून थांबला. त्यांनी लक्षही दिलं नाही. अशी एकाग्रता मला कधी येणार?

८ मार्च, रविवार

काल पहिला शनिवार. माझा आवाज मारला गेला.

हॉलच्या साउंडवर एक पन्नाशीचा माणूस असतो. सगळे त्याला काका म्हणतात. मी इथे साउंडवालाच लिहीन. तयारीच्या वेळी मी पहिला सूर वाजवला, तर त्याने मान वर न करता त्याच्याकडचं माझं ट्रेबल अर्ध्यावर आणलं.

मी म्हटलं, "काका, ते तसंच ठेवा. मी तो आवाज विचार करून बनवलाय."

"विचार करून?"

"हो."

"मग विचार टोचतोय, बाई. हा आवाज नाही, टाचणी आहे."

"तुम्ही जुन्या गिटारवाल्याचं पण असंच कमी करायचा का?"

"त्याचं करावं लागत नव्हतं."

झालं. म्हणजे जुना पुरुष चालतो, नवी मुलगी टोचते. कप्तान तिथेच उभा राहून काठ्या फिरवत होता. अन्याय बघून गप्प बसणं म्हणजे त्यात भागीदारी करणं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. याला कुणी शिकवलं नसावं.

स्टेजवर मला माझ्या गिटारपेक्षा ड्रमच ऐकू येत होते. बाहेर काय गेलं, देव जाणे आणि साउंडवाला जाणे.

१२ मार्च, गुरुवार

उपाय सापडला. तो अर्धं कापतो ना, मग मी घरूनच दुप्पट घालून नेणार. बाबांना पटलं. ते म्हणाले, "कारखान्यात पण असंच. वरचा कापणार हे धरूनच मागायचं." आज सातही गाण्यांचे आवाज पुन्हा बनवले. बाबा प्रत्येक वेळी हात ठेवून, डोळे मिटून, "आत्ता आली धार."

आई दोनदा दार लावायला आली. मी म्हटलं, आवाज तर इतका लहान ठेवलाय. ती दार लावून गेली. या घरात कलेला दारं लावली जातात.

१५ मार्च, रविवार

काल त्याने मला जवळजवळ बंदच केलं.

दुसऱ्या गाण्यात माझा एकटीचा तुकडा होता. मी बटण दाबलं, वाजवायला लागले, आणि समोरच्या टेबलावरचा माणूस बोलता बोलता कान चोळायला लागला. मी साउंडवाल्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे बघत बघत त्याच्या साउंडच्या टेबलावरची माझ्या आवाजाची दांडी खाली ओढली. मी वाजवतेय, बोटं धावताहेत आणि हॉलमध्ये काही नाही. टीव्ही मुका केल्यावर त्यातली माणसं दिसतात ना, तशी मी दिसत असणार.

मध्यंतरात गेले त्याच्याकडे. सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला मुलगी गिटार वाजवते हे सहन होत नाही, असंच ना?"

तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, "बाई, मला दोन मुली आहेत. दोघी वाजवत नाहीत, पण ऐकतात तरी."

कप्तान मला बाजूला घेऊन म्हणाला, "पदवीधर, तो या हॉलमध्ये एकवीस वर्षं आहे. एकदा त्याचं ऐकून तर बघ."

"एकवीस वर्षं चूक केली तर ती बरोबर होते का?"

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे वकील करावा लागेल," असं म्हणून तो गेला.

आज सकाळी बसून हॉटेलच्या व्यवस्थापकांना अर्ज लिहिला. दोन पानं. 'कलाकाराच्या निर्मितीत हेतुपुरस्सर हस्तक्षेप' आणि 'स्त्री कलाकाराबाबत दुजाभाव' असे दोन मुद्दे. बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या घरात असा अर्ज लिहिणारं कुणी नव्हतं." मी दुपारीच नेऊन दिला.

१८ मार्च, बुधवार

व्यवस्थापकांचा फोन आला. येत्या शनिवारी साउंडवर तो नसेल. चौकशी होईपर्यंत त्याला कार्यक्रमांवरून बाजूला ठेवलंय, हॉटेलचे इलेक्ट्रिशियन साउंड बघतील. शिक्षण म्हणजे काय ते आज कळलं. आई-बाबांच्या पिढीने मुकाट गिळलं असतं.

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्याला घरी बसवलंस?"

"मी नाही, त्याच्या वागण्याने."

"दोन मुली आहेत म्हणालीस ना त्याला?"

"मग काय त्याने माझा गळा दाबायचा?"

"तुझा गळा कुणी दाबला गं? सगळ्या इमारतीला ऐकू येतो." आणि मग उगाचच बाबांकडे बघून म्हणाली, "ज्यांना यायला हवा, त्यांचं सोड." बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आईचं हे नेहमीचं. सरळ काही बोलायचं नाही आणि ओठांत पुटपुटायचं. मी तिच्याशी बोलत नाहीये.

२२ मार्च, रविवार

लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहिते.

काल इलेक्ट्रिशियनने सगळ्या दांड्या सारख्या रेषेत ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभा राहिला. माझ्या ट्रेबलला हातही लावला नाही. मी मनात म्हटलं, आज ऐका.

पहिल्याच गाण्यात समोरच्या टेबलावरची म्हातारी खुर्ची उचलून मागे गेली. दुसऱ्यात एका बाईने बाळाच्या कानांवर दोन्ही हात ठेवले आणि ती बाहेर गेली. मी तरीही वाजवत राहिले, कारण मला वाटलं, लोकांना सवय नाही. हे मी खरंच मनात म्हटलं. तिसऱ्या गाण्यानंतर व्यवस्थापक स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "गिटार बंद करा, प्लीज." उरलेली चार गाणी बँडने माझ्याशिवाय वाजवली. मी गिटार गळ्यात घालून उभी होते, कारण खाली उतरायच्या पायऱ्या प्रेक्षकांतच उतरत होत्या.

संपल्यावर कप्तानाने फोन पुढे केला. त्याने मागच्या टेबलावर ठेवून रेकॉर्ड केलं होतं. म्हणाला, "ऐक."

मी ऐकलं. पत्र्यावर खिळ्याने रेघ ओढावी तसं काहीतरी होतं, आणि ते मी वाजवत होते. सूर बरोबर, लय बरोबर, आणि ऐकवत नव्हतं. पूर्ण ऐकलं, कारण तो फोन परत घेईना.

"जुन्याला फोन करतोय," तो म्हणाला. "त्याच्या मनगटाचं प्लास्टर सुटलंय."

"चौथा शनिवार माझा ठरलाय."

"काकाशिवाय मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. आधी तो, मग तू."

मला सगळ्यांचा राग येतोय. यंत्राचा येतोय. पण घरी तर इतकं चांगलं वाटत होतं. बाबांनी प्रत्येक आवाज तपासला होता. बाबांनी.

२३ मार्च, सोमवार

सकाळी बाबांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. काही न सांगता फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर धरला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं झालंय की. थोडी धार अजून चालली असती."

मी त्यांच्याकडे बघत बसले. मग मी जे केलं ते चांगल्या मुलीने करू नये, पण मला कळायलाच हवं होतं.

यंत्र जोडलं. ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाढवला. स्पीकरची नक्कल काढून टाकली, म्हणजे गांधिलमाश्यांसारखा भणभणाट उरतो. मग जाड, मधलं, सगळं कापून टाकलं आणि फक्त अगदी वरचं ठेवलं. बाबांना म्हटलं, "एक नवीन आवाज आहे. इथेच बसा, हात नका ठेवू." ते स्टुलावर बसले. हात मांडीवर.

मी वाजवायला लागले. माझेच दात शिवशिवले. आई स्वयंपाकघरातून कानावर हात ठेवून आली, "बंद कर गं ते, बंद कर," आणि दारातच थांबली.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. चेहऱ्यावर तो परीक्षेच्या आधीचा उत्साह. मी वाजवत होते, आणि त्यांनी मान हलवून विचारलं, "काय झालं? कधी सुरू करतेस?"

२४ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी आईशी बोलले.

"तुला माहीत होतं?"

"घरात राहते मी."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुला कधी काही सांगता येतं का? तू अर्ज लिहितेस."

त्यानंतर बाबांशी. म्हणजे मी ओरडले, त्यांच्या तोंडासमोर उभी राहून, आणि ओरडताना कळलं की ओरडल्यामुळेच त्यांना नीट ऐकू येतंय, म्हणून अजून राग आला. म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. माझं काम गेलं. एका माणसाला मी घरी बसवलं. तुम्ही कानसेन आहात असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

त्यांनी आपले तळहात समोर धरले. मग म्हणाले, "मशीन कानाने कळतच नाही. हाताने कळतं. तळहात ठेवला की बेअरिंग बोलतं. ते लोक कान म्हणायचे, मी म्हणू दिलं. कान गेले म्हटलं असतं तर त्याच दिवशी झाडू मारायला लावलं असतं."

"मी काय झाडू मारायला लावणार होते?"

"तू विचारायला आलीस," ते म्हणाले. "कारखाना गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं."

किती वर्षं, विचारलं. म्हणाले, चौदा.

मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, "तू त्या साउंडवाल्याकडे जाऊन चूक कबूल कर, मी डॉक्टरकडे येतो." त्यांना पक्कं माहीत होतं की मी जाणार नाही. मुलीला ओळखतात म्हणे. मला त्यांचाही राग आहे, आणि त्यांच्याकडे बघून तो धड काढताही येत नाही.

२६ मार्च, गुरुवार

गेले. तो दिवसा एका दुकानात बिघडलेले स्पीकर दुरुस्त करतो. तिथे खुर्ची एकच होती आणि ती त्याच्याखाली होती. मी उभ्याने सगळं सांगितलं. ट्रेबल, चाळणी, दुप्पट घालून नेणं. बाबांचं सांगणार नव्हते. पण बाबांशिवाय ते सगळं खोटं वाटायला लागलं, म्हणून तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "माफ करा."

तो स्पीकरच्या वायरीला डाख लावत होता. डाख निवेपर्यंत त्याने वायर धरून ठेवली.

"इथे नको," म्हणाला. "अर्जात लिही. तिथेच लिहिलं होतंस ना?"

"लिहिते."

"दोन पानं लिही. ती दोन होती."

तिथेच त्याच्या दुकानाच्या फळीवर लिहिली. पहिल्या पानावर माझी चूक आणि दुसऱ्यावर दुजाभावाचा आरोप मागे. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "'अनवधानाने' खोड. तू अवधानानेच केलंस." मी खोडलं.

मग निघताना म्हणाला, "हळू आवाजात घरी बनवलेला आवाज हॉलमध्ये मोठा केला की बदलतो. वरचं टोचतं आणि खालचं फुगतं. हॉलचा आवाज हॉलमध्येच बनतो. शनिवारी दुपारी दोनला ये. मी आलो असलो तर."

'मी आलो असलो तर' हे त्याने मुद्दाम जोडलं. आणि ते मला जोडून घ्यावं लागलं.

अर्ज घेऊन थेट हॉटेलवर गेले. व्यवस्थापकांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, यातला कुठला खरा. मी म्हटलं, दुसरा. मुद्दा क्रमांक दोन पूर्ण खोटा नव्हता, कप्तान मला पदवीधर म्हणतो आणि बँडमधल्या बासरीवाल्याला नावाने हाक मारतो. पण तो काकांवर लावला ते खोटं होतं.

२९ मार्च, रविवार

काका आले होते. जुना गिटारवालाही आला होता, आपला दोन माणसांचा ॲम्प्लिफायर घेऊन, कप्तानाच्या बोलावण्यावरून. तो भिंतीला टेकून उभा. कप्तान म्हणाला, "पाच वाजेपर्यंत. जमलं तर तू, नाही तर हा."

तीन तास होते. आधी जुने सातही आवाज मी पुसून टाकले. काका दूर, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी हाताची घडी घालून. मी खऱ्या मोठ्या आवाजात वाजवायचं, स्टेजवरून उतरून लांब वायरीने हॉलच्या मध्यात जायचं, ऐकायचं, परत येऊन बटण फिरवायचं. चाळणी परत लावली. ट्रेबल इतकं कमी केलं की घरी असतं तर बाबांनी 'गोधडी' म्हटलं असतं. दर वेळी मी काकांकडे बघायचे. ते काही सांगायचे नाहीत. तासाभराने चिडून विचारलं, "बरोबर आहे की नाही ते तरी सांगा."

"मला काय विचारतेस? तुला टोचलं का?"

"नाही."

"मग पुढचं गाणं."

मला तेव्हा इतका राग आला की पुढचे दोन आवाज मी त्यांच्याकडे न बघता बनवले. ते दोन सगळ्यात चांगले झाले, असं जुना गिटारवाला कप्तानाला म्हणाला. मला नाही म्हणाला.

पाच वाजता काकांनी माझी दांडी इतरांच्या रेषेत आणली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिला हात लावला नाही. कुणी खुर्ची हलवली नाही. कुणी टाळ्याही विशेष वाजवल्या नाहीत, लोक जेवत होते आणि बोलत होते. कप्तान म्हणतो, हीच पावती.

निघताना त्याने पुढच्या महिन्याच्या तारखा सांगितल्या आणि वर म्हणाला, "डबा विसरू नकोस, पदवीधर." मी म्हटलं, मला नाव आहे. तो दचकला. मग त्याने नावाने हाक मारली, चुकीच्या नावाने. मी दुरुस्त केलं.

३१ मार्च, मंगळवार

बाबांना शब्द पाळावा लागला.

कानाच्या दवाखान्यात एक काचेची खोली आहे. बाबांना आत बसवलं, डोक्यावर हेडफोन. बाहेर तपासणाऱ्या बाई बटणांपुढे, मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर. आवाज आला की हात वर करायचा. सुरुवातीचे जाड आवाज त्यांनी पटापट ओळखले. मग बाई वर वर जायला लागल्या, तरी बाबांचा हात वेळेवर वर येत होता. मला एक क्षण वाटलं, आपलंच चुकलं की काय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची वळवून बाबांकडे पाठ केली. बाबा त्यांच्या बोटांकडे बघून हात वर करत होते.

त्यानंतर हात वर आला नाही. बाई बटण दाबत होत्या. बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते, मी काही खूण करते का म्हणून. मला करता आली असती. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

नंतर बाबा बाहेर आले आणि बाई फॉर्म भरायला लागल्या. बाबांच्या तोंडासमोर वाकून त्यांनी स्पष्ट विचारलं, "साधारण किती वर्षं झाली असतील?"

मीच उत्तर दिलं, "चौदा."

बाबांनी माझे ओठ वाचले असावेत. ते फॉर्मकडे बघत म्हणाले, "अठरा लिहा."

बाईंनी अठरा लिहिलं. बाबांनी सही केली, नेहमीसारखी, एकेक अक्षर सुटं. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. मी बावीस वर्षांची आहे. माझा आवाज त्यांनी नीट ऐकला तो मी किती वर्षांची असेपर्यंत, ही वजाबाकी सोपी होती, तरी मी ती पुन्हा केली.